चार बोटांची जागा

गाव सोडायची वेळ आली तेव्हा लोकांनी गाई घेतल्या, शिवणयंत्रं घेतली, एकानं भिंतीवरचं घड्याळ पाठीला बांधलं. माझ्या वहिनीनं दार घेतलं. घराचं पुढचं दार, बिजागऱ्यांसकट. युद्धात हद्द सरकली होती, आमचं करेलियातलं गाव दुसऱ्या देशात गेलं होतं आणि दुपारच्या आत निघायचं होतं. हिल्यावहिनी कुऱ्हाडीच्या पात्यानं बिजागऱ्या उचकटत उभी. आबा म्हणाले, "सूनबाई, घरच मागं राहतंय, नुसतं दार नेऊन काय करायचं?"

"यांनी केलंय, मामंजी," ती म्हणाली.

मग दार गाडीवर चढलं आणि बटाट्याचं पोतं खाली उतरलं. त्या पोत्याचं दुःख मला अजून आहे.

'यांनी' म्हणजे माझ्या भावानं, तोइमीनं. तो आमच्या गावात सगळ्यात उंच. ज्याच्या त्याच्या दाराला त्याचं कपाळ आपटायचं. म्हणून लग्नाआधीच्या हिवाळ्यात त्यानं स्वतःच्या घराला नवीन दार केलं, पाइनच्या जाड फळ्यांचं, डांबर लावलेलं, आपल्या डोक्यावर चार बोटं राखून. युद्धाच्या शेवटच्या उन्हाळ्यात तो बेपत्ता झाल्याचा कागद आला. मेला असं त्यात लिहिलं नव्हतं. वहिनीनं कागद वाचला, घडी घालून ठेवला आणि 'हे येतील तेव्हा' असं बोलणं चालूच ठेवलं. तिनं तसं म्हटलं की आबा खाली बघायचे आणि मी चुलीत काहीतरी सारायचे.

सरकारनं आम्हाला देशाच्या पश्चिमेला नेलं आणि कुस्ताव्हाबाईंच्या मळ्यावर मागच्या खोलीत राहायला दिलं. बाई वाईट नव्हती. आम्ही आलो त्या संध्याकाळी तिनं फक्त आपले चमचे मोजले, तेही आमच्यासमोर. इकडची माणसं दिवसाला दहा शब्द बोलतात आणि आम्ही करेलियावाले जेवतानासुद्धा गप्प बसत नाही, तेव्हा तिलाही आमचा त्रास झालाच असणार. दाराला मात्र तिनं घरात जागा दिली नाही. गोठ्यात ठेवा म्हणाली. आठवड्याभरानं वहिनी गोठ्यात गेली तर बाईनं ते आडवं करून वासराच्या कप्प्याला लावलेलं. वासरानं एक कोपरा चघळला होता.

वहिनी दर शनिवारी राखेचं पाणी घेऊन जायची आणि दार घासून यायची. गावात आमचं नाव पडलं 'दारवाले'. दुकानात मी मिठाच्या रांगेत उभी असले की मागून कुणीतरी विचारायचं, "काय गं, भिंती कधी येणार?"

दोन वर्षांनी सरकारनं जमिनीचा तुकडा दिला. दगड, खुंटं आणि पाणथळ, उत्तरेला तळं. सरकारी जंगलातून बासष्ट झाडं तोडायची परवानगी मिळाली. आबा म्हणजे ईवारी, आमच्याकडचे नावाजलेले घर बांधणारे. त्यांनी उभी केलेली तीसएक घरं आता हद्दीपलीकडे होती. पण त्यांच्या डोळ्यांत पडदा आला होता. उजेड कुठं आणि अंधार कुठं एवढंच त्यांना कळायचं.

"बांधणार कोण, आबा?" मी विचारलं.

"तुम्ही दोघी. मी बोलेन," आबा म्हणाले. "बोलायला डोळे लागत नाहीत."

आम्ही दोघींनी तोवर कुऱ्हाड फक्त जळणापुरती धरलेली. भर थंडीत, झाडात रस नसतो तेव्हा, आम्ही बासष्ट पाइन पाडले. कुस्ताव्हाबाईंनी घोडा दिला, बदल्यात दोन हंगाम तिचं गवत आम्ही कापून द्यायचं असं लिहून घेतलं. आबा प्रत्येक बुंध्यावरून हात फिरवायचे, सालीचा खडबडीतपणा चाचपायचे आणि सांगायचे, "ही बाजू उत्तरेची. इकडचा गाभा घट्ट असतो. घरात ही बाजू बाहेर ठेवायची." संध्याकाळी माझे तळवे उघडत नव्हते. वहिनी चमच्यानं मला लापशी भरवायची आणि मग तिचे तळवे उघडत नाहीत म्हणून मी तिला.

आमच्यात घराआधी वाफेचं न्हाणीघर बांधतात. आबा म्हणाले, "सगळ्या चुका तिथं करून घ्या. घरात चुकीला जागा नाही." आम्ही आज्ञाधारकपणे सगळ्या केल्या. ओंडक्याचा बुंधा जाड, शेंडा बारीक. म्हणून एका थराला बुंधा उजवीकडे आला तर पुढच्या थराला डावीकडे यायला हवा. आम्ही सहा थर बुंधे एकाच बाजूला रचले. आबा भिंतीवरून हात फिरवत चालत गेले, टोकाला थांबले आणि म्हणाले, "पोरींनो, ही भिंत टेकडी चढतेय का?" भिंत उतरवली, पुन्हा रचली. त्यात पाच ओंडके वाया गेले. पण न्हाणीघर उभं राहिलं आणि मेमध्ये आम्ही कुस्ताव्हाबाईंची खोली सोडून त्यात राहायला गेलो. काजळीनं काळ्या भिंती, झोपायला अंघोळीच्या फळ्या. आबांना खोकला लागला. पुढचा हिवाळा इथं काढला तर ते जगणार नाहीत हे मला दिसत होतं, वहिनीलाही.

घराचा नकाशा कागदावर नव्हता. आबांनी जमिनीवर खुंट्या मारायला लावल्या, दोरी ताणायला लावली आणि मग वहिनीच्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेल्या दोन बादल्या दिल्या.

"चाल. विहिरीपासून चुलीपर्यंत."

"कशाला, मामंजी?"

"मोकळ्या हातानं आखलेलं घर पाहुण्यांसाठी असतं. तुला त्यात काम करायचंय. पाणी सांडेल तिथं आखणी चुकली."

वहिनीला घर जुन्यासारखंच हवं होतं, दार तळ्याकडे. ती चालली. तळ्याकडून गेलं तर विहिरीला वळसा पडत होता, उंबऱ्याशी वळताना पाणी तिच्या पायावर सांडलं. ती तशीच ओल्या बुटांनी उभी राहिली. मग बादल्या पुन्हा भरून दक्षिणेकडून आली आणि एक थेंब सांडला नाही. तिनं मुकाट्यानं दाराची खुंटी उपटून दक्षिणेला मारली. मला तिची दया आली.

संपूर्ण उन्हाळा आम्ही ओंडके चढवले. तिरप्या बल्ल्यांवरून दोरानं ओढायचा, खालच्या ओंडक्यावर ठेवायचा, दोन टोकांच्या लोखंडी चिमट्यानं खालच्याचा उंचसखलपणा वरच्यावर रेघून घ्यायचा, उलटा करून तेवढी पन्हाळ कोरायची, मध्ये शेवाळ अंथरायचं आणि पुन्हा बसवायचा. शेवाळ आम्ही पाणथळीतून पोत्यांनी आणलं होतं. डास इतके की डांबर आणि लोणी तोंडाला फासून काम करायचो. आबा सांध्यात करंगळी घालून बघायचे. करंगळी गेली तर ओंडका पुन्हा खाली. जुलैत वहिनीचे सांधे असे बसायला लागले की आबांच्या करंगळीला काही सापडेना. ते जरा हिरमुसलेच.

"तोइमीपेक्षा बरा हात आहे तुझा," एकदा ते म्हणाले.

"ते येतील तेव्हा त्यांना सांगा," वहिनी म्हणाली. आबा खाली बघून चिमट्याचा गंज नखानं काढत राहिले.

खिडक्यांची भोकं कापायची वेळ आली तेव्हा आबांनी आम्हा दोघींना समोर बसवलं.

"आता नीट ऐका. घर बांधून संपत नाही. तुम्ही आत राहायला गेलात, चूल पेटली की ते बसायला लागतं. लाकूड वाळतं, शेवाळ दबतं, भिंत खाली येते. दोन हिवाळे येत राहते. म्हणून प्रत्येक चौकटीच्या वर चार बोटं जागा सोडायची. तीत शेवाळ भरायचं, बाहेरून फळी मारायची. चार बोटं. माझी, तुमची नाही."

खिडक्यांना आम्ही तशी जागा सोडली. घोडं अडलं ते दारापाशी. न्हाणीघरात पाच ओंडके गेले नसते तर भिंतीला आणखी एक थर चढला असता. आता झाडं संपली होती. दारावरचा ओंडका आला तो बरोबर तोइमीच्या दाराच्या उंचीला. नखाएवढी फट राहत होती, बस.

आबांनी उंबऱ्यापासून वरपर्यंत काठीनं माप घेतलं. "दार चार बोटं काप, हिल्या."

"हो, मामंजी."

ती त्यांना 'हो' म्हणाली आणि मला बाजूला घेऊन गेली. "वन्सं, मी नाही कापणार."

"अगं पण भिंत बसणार. आबा म्हणतात—"

"सगळ्या भिंतीला माझी सांधणी आहे. करंगळी जात नाही कुठं. किती बसणार ती? यांनी उंचीचा विचार करून केलंय. मी कापू?"

मी तिथं नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. वहिनीनं उरलेली एक फळी कापायच्या लाकडी घोडीवर टाकली, मी दुसऱ्या बाजूनं धरली आणि आंधळ्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशी आम्ही ती कापली. करवतीचा आवाज त्या दिवशी मला फार मोठा वाटला.

"झालं?" आबांनी न्हाणीघराच्या पायरीवरून विचारलं.

"झालं."

"तुकडा इकडे दे. फेकू नकोस, पाचर करीन."

वहिनीनं त्या फळीचा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांत फिरवला, नाकाशी नेला, पुन्हा फिरवला. मग कोटाच्या खिशात घातला आणि म्हणाले, "बरं." आम्ही दार पूर्ण उंचीचं बसवलं, वरच्या नखाएवढ्या फटीत शेवाळ कोंबलं आणि बाहेरून फळी ठोकली. आबांनी येऊन फळीवरून हात फिरवला, कडेचं शेवाळ चाचपलं. ते पुन्हा 'बरं' म्हणाले.

छपराला आमच्यासारखीच उठून आलेली चार घरं मदतीला आली. ऑक्टोबरात पहिलं बर्फ पडायच्या दोन दिवस आधी आम्ही आत गेलो. चूल पेटली, भिंतींना राळेचा वास सुटला आणि आबांचा खोकला आठवड्याभरात अर्ध्यावर आला. आम्ही काळ्या पिठाच्या, आत भात भरलेल्या करंज्या केल्या. वहिनीनं दाराशेजारी आतल्या भिंतीला कोट टांगायला चार खुंट्या मारल्या. तीन आमच्या. चौथी सगळ्यात वर, माझा हात पोचणार नाही अशी. ती कुणाची हे कुणी विचारलं नाही.

डिसेंबरात दार कुरकुरायला लागलं. जानेवारीत पाय रोवून ओढावं लागायचं. वहिनी म्हणायची, "थंडीनं फुगलंय." आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी दुधाची बादली घेऊन दाराशी गेले, कडी ओढली आणि दार हललंच नाही. मी ओढलं, वहिनीनं ओढलं, दोघींनी मिळून ओढलं. कडी हातात आली.

बाहेर आडोशाच्या गोठ्यात आमची गाय मान्सिक्की हंबरत होती. तिची धार काढायची वेळ टळून चालली होती. खिडक्या हिवाळ्यासाठी कागद चिकटवून बंद केलेल्या, फक्त एक हवेची झडप उघडायची, जिच्यातून फार तर मांजर गेलं असतं. स्वतःच्या हातांनी बांधलेल्या घरात आम्ही तिघं कोंडलो होतो. मला हसूही येत होतं आणि रडूही.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"आहे का कुणी?" कुस्ताव्हाबाईंचा आवाज. चार महिन्यांत ती एकदाही आली नव्हती. आजच यायचं होतं तिला.

"आहोत," मी म्हणाले.

"मग उघडा की."

"उघडत नाही."

मग तिनं विचारलं, "मी आले म्हणून?"

"नाही हो. दार अडकलंय."

"तेच का ते दार?"

"तेच."

"वासराला होतं तेव्हा बरं चालत होतं," बाई म्हणाली.

वहिनीचा चेहरा लाल झाला. मी झडपेतून तोंड काढलं. बाई बर्फात उभी, पायाशी घसरगाडी, गाडीवर फडक्यात गुंडाळलेला घरभरणीचा पाव, मिठाची पुडी आणि एक झाकलेलं भांडं. तिची गाय व्याली होती. भांड्यात खरवस होता.

"अरुंद करवत न्हाणीघरात आहे," मी म्हणाले. "दाराच्या मागं टांगलेली. तेवढी द्याल का?"

"देते. आधी तुमच्या गाईचं बघते. ओरडून ओरडून तिचा जीव चाललाय." आणि आमची बादली झडपेतून जाईना म्हणून ती खरवस फडक्यावर उलटा करून, तेच भांडं घेऊन गोठ्यात गेली.

आबा अंथरुणातून उठले होते. ते भिंतीला धरून दाराशी आले आणि हात वर केला. आतून चाचपायला फळी नव्हती. दारावरचा ओंडका थेट दारावर बसला होता, लाकडाला लाकूड, मध्ये शेवाळाचा धागासुद्धा उरला नव्हता. वहिनी त्यांच्या शेजारी खाली मान घालून उभी.

"मामंजी, मी—"

आबांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि तो तुकडा काढला. पाचर केलीच नव्हती. "हा मी त्याच दिवशी हुंगला," ते म्हणाले. "ताजी राळ. तोइमीच्या दाराला डांबराचा वास आहे, तो मला अर्ध्या कोसावरून येतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू कापलं असतंस. माझं ऐकायचं म्हणून. आणि मग रोज त्या दारातून जाताना माझ्यावर रुसली असतीस."

झडपेतून करवत आत आली. बाईनं ती मुठीकडून दिली. वहिनीनं ती घेतली आणि दाराजवळ येऊन वरच्या कडेपासून खाली आपली चार बोटं आडवी ठेवली. मग बोटं काढून आबांचा हात धरून तिथं ठेवला, कारण त्यांची बोटं जाड होती. कोळशानं रेघ मारली. रेघेकडे बघत ती म्हणाली, "इथं कापलं तर यांना वाकून यावं लागेल."

आजवर अशा वेळी आम्ही गप्प बसायचो. या खेपेला आबा बोलले.

"तो येणार नाही, हिल्या."

मी चुलीकडे बघितलं. तिच्यात सारायला काही नव्हतं.

"माहीत आहे, मामंजी," वहिनी म्हणाली. "पहिल्या हिवाळ्यापासून माहीत आहे. मला वाटलं तुम्हाला ते सोसायचं नाही. डोळे गेले, गाव गेलं. म्हणून तुमच्यासाठी तसं बोलत राहिले."

"मी तुझ्यासाठी ऐकत राहिलो," आबा म्हणाले.

"दार मात्र माझ्यासाठीच ठेवलं होतं," ती म्हणाली आणि गिरमिट उचललं.

रेघेवर ओळीनं भोकं पाडली, त्यांत करवतीचं टोक घातलं आणि वहिनीनं कापायला सुरुवात केली. जुनं लाकूड हाडासारखं टणक झालेलं. भुसा तिच्या केसांवर पडत होता. अर्ध्यावर मी हात बदलू म्हटलं, तिनं मान हलवली. ती रडत होती आणि करवत एकदाही वाकडी गेली नाही. शेवटच्या बोटभर लाकडाशी आबांनी तळवा दाराला लावला. टक् असा आवाज झाला, वरची पट्टी माझ्या हातात आली आणि दार आपसूक आत उघडलं.

समोर कुस्ताव्हाबाई उभी होती, एका हातात पाव आणि मिठाची पुडी, दुसऱ्या हातात आमच्या गाईचं वाफाळतं दूध. तिनं उघड्या दाराकडे बघितलं, वहिनीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि थट्टेचं जे काही तिच्या तोंडाशी आलं होतं ते गिळलं. उंबरा ओलांडून तिनं पाव आणि मीठ टेबलावर ठेवलं. आत येताना तिनं भिंतीच्या सांध्यावरून अंगठा फिरवला.

"कुणी केलं हे?"

"आम्ही दोघींनी," मी म्हणाले.

"हं," ती म्हणाली. तिच्यासारखीच्या तोंडून हे पुष्कळ झालं.

दूध तापवून आम्ही चौघं बसलो. खरवसाला थोडं बर्फ चिकटलं होतं, पण तो चांगला होता. आबांनी तो तुकडा चुलीत टाकला.

कापलेली पट्टी वहिनीनं जाऊ दिली नाही. बाहेरची खोटी फळी काढली, वरच्या मोकळ्या जागेत बोटांनी सैलसर शेवाळ भरलं आणि त्या जागेवर झाकण म्हणून तोइमीच्या दाराचीच पट्टी ठोकली, वरच्या ओंडक्याला, म्हणजे घर बसेल तशी तीही खाली येईल. वासरानं चघळलेला कोपरा तिच्यातच आहे. त्यानंतर दोन हिवाळे घर बसत राहिलं आणि दार कधी अडलं नाही.

करवत मात्र त्या दिवसापासून न्हाणीघरात परत गेली नाही. ती घरातच असते, दाराशेजारी, सगळ्यात वरच्या खुंटीवर. मला काढायची झाली तर स्टूल घ्यावं लागतं.